इंजिन गेले म्हणजे नेमके काय गेले?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आपल्या शाळेचे एक जुने पालक माझ्या घरी आले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली, एरवी शांत स्वभावाचे गृहस्थ. त्या दिवशी मात्र अस्वस्थ दिसले. त्यांचा मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरीला आहे. त्याने तेथे एक जुनी जपानी मोटार घेतली होती, माझ्दा कंपनीची आरएक्स-८. चार महिन्यांतच गॅरेजवाल्याने सांगितले की इंजिन गेले, कंप्रेशन राहिलेले नाही, सगळे खोलून नव्याने बांधावे लागेल. खर्चाचा अंदाज गाडीच्या खरेदीपेक्षा मोठा होता. मुलाने पैसे मागितले नव्हते, पण वडील बँकेतली मुदतठेव मोडायला निघाले होते. जाता जाता माझ्याकडे आले ते एकच विचारायला, "बाई, तुम्ही त्याला फिजिक्स शिकवलेत. इंजिन गेले म्हणजे नेमके काय जाते हो?"

खरे सांगायचे तर मला नीट उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कंप्रेशनला आमच्या पुस्तकात 'संपीडन' म्हणत आणि त्या पुस्तकातले इंजिन पिस्टनचे होते. आरएक्स-८ च्या इंजिनात पिस्टनच नाही. ते रोटरी इंजिन आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, "ठेव उद्या मोडू नका. आठ दिवस थांबा." त्या आठ दिवसांचे पुढे दोन महिने झाले. त्या काळात मी, तो मुलगा आणि ते पालक मिळून जे शिकलो ते बापलेकांच्या परवानगीने, नावे न देता, येथे लिहीत आहे. आपल्यापैकी कोणाकडे अशी गाडी असण्याचा संभव नाही हे मला ठाऊक आहे. पण 'इंजिन गेले' हे वाक्य मोटारसायकलच्या, ट्रॅक्टरच्या, आपल्या शाळेच्या जनरेटरच्या बाबतीतही कानावर येते, आणि त्या वाक्यामागे कोणाचे ना कोणाचे पैसे असतात.

आधी कंप्रेशन. ज्यांनी जुनी बजाज स्कूटर किंवा बुलेट किक मारून चालू केली आहे, त्यांच्या पायाला कंप्रेशन माहीत आहे. किक खाली जाताना एका जागी पाय अडतो. तेथे सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा दाबली जात असते. पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा अशी दाबून मग पेटवली, तरच तिच्यात गाडी ओढण्याइतका जोर येतो. न दाबता पेटवली तर नुसतीच भकभक. किक सैल लागू लागली की मिस्त्री गाडी न खोलताच मान हलवतो, कारण दाबलेली हवा कोठून तरी निसटते आहे हे त्याला कळते. सायकलचा पंप आठवा. आतले चामड्याचे वायसर सुकले की दांडा नुसताच वरखाली होतो, ट्यूबमध्ये हवा जात नाही. दोन थेंब तेल सोडले की तोच पंप पुन्हा हवा धरतो. वायसर तेच, पंप तोच. फटीत तेलाचा थर आला एवढेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रोटरी. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांसमोर आणा, पण कंबर जरा जाड असलेली. इंजिनाच्या हाउसिंगची आतली पोकळी साधारण त्या आकाराची असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक जाड त्रिकोण फिरतो, तो रोटर. तो नुसता जागच्या जागी फिरत नाही, तर फिरता फिरता डोलतो, आणि त्याचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला चिकटून राहतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर पुढे सरकतो तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा लहान होतो. मोठा होताना हवा-पेट्रोल आत ओढले जाते, लहान होताना दाबले जाते, मग प्लग ठिणगी टाकतो, जळता वायू कप्पा फुगवून रोटरला ढकलतो, आणि शेवटी धूर बाहेर जातो. नववी-दहावीच्या मुलांना यात चार स्ट्रोक ओळखू येतील. ते येथे एकाच भांड्यात, गोल फिरता फिरता होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, वरखाली आपटणारे काही नाही. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या शाफ्टचे तीन फेरे होतात. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर एकामागे एक बसवलेले असतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे.

इतके सुटसुटीत यंत्र मग सगळ्या गाड्यांत का नाही? त्याचे मोठे कारण त्या तीन कोपऱ्यांत आहे. पिस्टनला गोल रिंगा असतात आणि त्या गोल सिलिंडरला सगळीकडून सारख्या टेकतात. रोटरच्या कोपऱ्यावर मात्र एक सरळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. या इंजिनात ती सुमारे २ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब असते. खाली स्प्रिंग असते, ती पट्टीला भिंतीकडे ढकलते. एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात न जाऊ देण्याचे काम या पट्टीचे. रोटरच्या सपाट अंगांवर आणखी सील असतात: प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे सहा साइड सील, आणि ती जेथे एपेक्स सीलला मिळतात तेथे छोटी गोल कॉर्नर सील, तीही सहा. एका रोटरवर एवढी मंडळी पहारा देत असतात. कोठेही फट पडली की कंप्रेशन कमी.

या पट्टीने मोठमोठ्यांना घाम फोडला आहे. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १९५७ साली जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत फिरले. त्या कंपनीची रोटरी इंजिनाची आरओ ८० ही मोटार १९६७ मध्ये बाजारात आली आणि १९६८ सालची युरोपातील उत्कृष्ट मोटार ठरली. पण तिची सील लवकर झिजू लागली. वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनी खचली, आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. जपानमध्ये माझ्दाच्या केनिची यामामोटो यांच्या चमूलाही तोच त्रास झाला. सील कंप पावत आणि हाउसिंगच्या चकचकीत भिंतीवर ओळीने ओरखडे उमटत. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. सीलचा पदार्थ आणि रचना बदलून त्यांनी ते आटोक्यात आणले आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी काढली. १९९१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझ्दाच्या चार रोटरच्या गाडीने जिंकली. आरएक्स-८ ही २००३ ते २०१२ या काळात तयार झाली. तिच्या इंजिनाच्या तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेत कंपनीने इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षे किंवा १ लाख मैल केली. २०२३ पासून माझ्दाने एका विजेच्या गाडीत बॅटरी भरण्यासाठी ८३० सीसीचा एकच रोटर पुन्हा वापरला आहे.

आपल्याकडेही हे इंजिन झाले आहे, ते मोटारीसाठी नाही, तर निशांत या वैमानिकरहित विमानासाठी. बंगळूरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर त्यात अहमदनगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संस्थेचा वाटा होता. त्या अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर आहे. आपल्या अहिल्यामातेचे जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यातले, म्हणून आपण इंदूरकरांनी ही नोंद ठेवायला हरकत नाही.

असो. ऑकलंडला परत जाऊ. मुलाची तक्रार अशी होती: सकाळी थंड गाडी चालू होते. ऑफिसातून पेट्रोल पंपावर गेलो, पाच मिनिटे बंद केली, की गरम गाडी पुन्हा लवकर चालू होत नाही, सेल्फ मारत बसावे लागते. शिवाय चढावर दम कमी पडतो आणि सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरते. हे ऐकताच रोटरी जाणणारा कोणीही कंप्रेशनचा संशय घेईल, कारण इंजिन गरम झाले की तेल पातळ होते, फटी झाकणारा थर विरळ होतो आणि गळती वाढते. थंड असताना जाड तेल झिजलेल्या सीलचीही अब्रू झाकते. पंपाच्या वायसरचीच गोष्ट ही.

पण संशय आणि निदान यांत फरक आहे. थरथर आणि कमी दम हे या गाडीत कमकुवत इग्निशन कॉइलमुळे किंवा जुन्या प्लगमुळेही होते. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तरी होते. सेल्फ थकला असेल, बॅटरी उतरली असेल, तर इंजिन हळू फिरते, आणि हळू फिरले की हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो. म्हणजे चांगले इंजिनसुद्धा आजारी दिसते. आणखी एक प्रकार म्हणजे 'फ्लड' होणे. थंड इंजिन चालू करून, गाडी चार हात मागेपुढे घेऊन लगेच बंद केली, की आत जास्तीचे पेट्रोल राहते आणि ते भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. दुसऱ्या दिवशी कंप्रेशन जवळजवळ नाहीसे झालेले असते, गाडी चालूच होत नाही. अशा वेळी प्लग काढून, आतले पेट्रोल उडवून लावून, थोडे तेल सोडले की इंजिन जिवंत होते. असे इंजिन 'गेले' म्हणून खोलले, तर तो खर्च व्यर्थ.

मी मुलाला फोनवर विचारले, "गॅरेजवाल्याने आकडा किती सांगितला?" तो म्हणाला, "पुढच्या रोटरचा ६, मागच्याचा ५.८." मी म्हटले, "प्रत्येक रोटरला तीन बाजू. मग आकडे सहा हवेत. बाकीचे चार कोठे आहेत?"

तो गप्प झाला. शाळेत उत्तर येत नसले की अगदी असाच गप्प व्हायचा.

गंमत अशी आहे की पिस्टनच्या इंजिनासाठी वापरतात तो साधा कंप्रेशन गेज रोटरीला लावला तर तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. त्याच्यात एकेरी झडप असते. आलेला दाब ती धरून ठेवते, म्हणजे काटा सगळ्यांत मोठ्या दाबावर जाऊन थांबतो. पिस्टनला ते बरोबर आहे, तेथे कप्पा एकच. रोटरीत मात्र तीन बाजू एकाच प्लगसमोरून एकामागून एक जातात, आणि गेज त्यांतल्या सर्वांत सशक्त बाजूचा आकडा दाखवून मोकळा होतो. तीन भावंडांपैकी एकाचे प्रगतिपुस्तक पाहून तिघांना पास करावे, तसे. म्हणून रोटरीसाठी वेगळा टेस्टर असतो. तो तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा नोंदतो आणि त्या वेळी इंजिन मिनिटाला किती फेरे फिरत होते तेही सांगतो. तो नसेल तर साध्या गेजची झडप काढून काट्याच्या उड्या पाहायच्या. नुसता कान लावला तरी काही कळते: प्लग काढून इंजिन फिरवले की फुस-फुस-फुस असा सारखा ठेका यायला हवा. एखादी बाजू गळत असेल तर ठेका लंगडतो.

चाचणीच्या अटीही आहेत. इंजिन चालवून गरम केलेले हवे. बॅटरी भरलेली हवी. पेट्रोल आणि ठिणगी बंद करायची, प्रत्येक रोटरचा एक प्लग काढून तेथे टेस्टर लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा म्हणजे हवेची वाट मोकळी राहते, आणि मग पाच-दहा सेकंद सेल्फ मारायचा. कंपनीचे माप मिनिटाला २५० फेऱ्यांसाठी दिलेले आहे. निरोगी इंजिनाला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८.५ किलो दाब यावा. ६.९ च्या खाली गेले तर ते इंजिन नापास. शिवाय एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक नको आणि दोन रोटरमध्ये १ पेक्षा जास्त नको. फेरे कमी पडले तर तक्त्यावरून दुरुस्ती करून घ्यावी लागते. उंचावरच्या गावी हवा विरळ असते, तेथेही तसेच.

मुलाने रोटरीचेच काम करणारा एक माणूस शोधला. त्याने टेस्टर लावण्याआधीच सांगितले की तुमचा सेल्फ दमलेला आहे, इंजिन २०० फेरेसुद्धा फिरत नाही. सेल्फ बदलला, कॉइल आणि प्लगही बदलले. गाडी गरम असतानाही झटकन चालू होऊ लागली, थरथर कमी झाली. मुलाचा आनंदाने फोन आला. मी त्याच्या वडिलांना कळवून टाकले की इंजिनाला काही झालेले नाही, सेल्फचाच दोष होता.

येथे माझी चूक झाली. विज्ञान शिकवणाऱ्याने करू नये ती चूक, आणि मी ती उत्साहाच्या भरात केली. नवा सेल्फ इंजिनाला वेगाने फिरवतो, त्यामुळे गळकी बाजूसुद्धा पेट घेते. लक्षण झाकले जाते, कारण तेथेच असते. चाचणी अजून व्हायचीच होती. ती पुढच्या शनिवारी झाली. फेरे २५२. पुढचा रोटर: ७.५, ७.४, ७.६. मागचा रोटर: ७.३, ५.५, ५.३.

पुढचा रोटर नवा नाही, पण पास आहे. मागच्यात एक बाजू ठीक, दोन नापास, आणि फरक २. आता विद्यार्थ्यांनी जरा कागद-पेन्सिल घ्यावी. एक त्रिकोण काढा, बाजूंना क, ख, ग म्हणा. प्रत्येक कोपरा दोन बाजूंच्या मध्ये असतो. क आणि ख यांच्या मधल्या कोपऱ्याचे सील तुटले, तर क मधला दाब ख कडे निसटेल आणि ख मधला क कडे. ग ला त्रास होणार नाही, तिचे दोन कोपरे वेगळे आहेत: एक ख शी, एक क शी, आणि... थांबा, असे म्हटले तर ग चे दोन्ही कोपरे शाबूत असायला हवेत. आहेतच, तुटलेला कोपरा क-ख चा आहे, तो ग ला लागूनच नाही. म्हणून दोन आकडे कमी आणि एक चांगला असे आले, तर दोष बहुधा एका कोपऱ्याचा, म्हणजे एपेक्स किंवा कॉर्नर सीलचा. एकच आकडा कमी आला, तर त्या एकाच बाजूच्या साइड सीलकडे पाहायचे, कारण ते दुसऱ्या कोणाशी वाटून घेतलेले नसते. तिन्ही सारखेच कमी आले, तर सरसकट झीज, नाहीतर इंजिन फ्लड झालेले, नाहीतर सेल्फ हळू. इंजिन न खोलता, तीन आकड्यांवरून आतला तुटलेला कोपरा सांगता येतो. मला स्वतःला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला, जरी बातमी वाईट होती.

पहिल्या गॅरेजवाल्यावर मी राग धरत नाही. इंजिन खोलावे लागेल हे त्याचे म्हणणे शेवटी खरेच निघाले. पण ज्या आकड्यांवरून तो तेथे पोचला, ते आकडे बिनकामाचे होते: दोन्ही रोटर सारखेच गेले असे ते सांगत होते आणि तसे नव्हते. उलटही होऊ शकते हे सांगून ठेवते. कंप्रेशन उत्तम असूनही इंजिन खोलावे लागते, जर आतल्या पाण्याची सील फुटून कूलंट जळू लागले तर. गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे आणि कूलंटची पातळी उतरत जाणे ही त्याची खूण. टेस्टरचा आकडा तेथे गप्प बसतो.

आता निर्णय. येथे घाई दोन्हीकडून होती. वडिलांचे म्हणणे, पैसे पाठवतो, करून टाक. मुलाचे म्हणणे, गाडी चालते आहे ना, मग चालू दे जोवर चालते तोवर. मला मुलाचे म्हणणे जास्त धोक्याचे वाटले. सगळ्या बाजू हळूहळू झिजल्या असत्या तर तसे करायला हरकत नव्हती; झिजलेले इंजिन तेल-पाणी पाहत वर्षभरही चालवता येते. पण सीलचा तुकडा उडालेला असेल, तर तो तुकडा किंवा उरलेली तुटकी कड हाउसिंगच्या भिंतीवर घासते. त्या भिंतीला क्रोमचा पातळ मुलामा असतो. तो शाबूत असेल तर हाउसिंग पुन्हा वापरता येते आणि ओव्हरहॉलचा खर्च सील, बेअरिंग आणि मजुरी एवढ्यावर भागतो. तो खरवडला की हाउसिंग बाद, आणि महाग वस्तू तीच. म्हणजे चालवलेला प्रत्येक किलोमीटर दुरुस्तीचे बिल वाढवू शकतो. मी त्याला म्हटले, "काय करायचे ते सावकाश ठरव, पण आजपासून गाडी उभी कर." तो बसने जाऊ लागला.

मग आम्ही हिशेब मांडला. रोटरीच्या मिस्त्रीने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली: उघडल्याशिवाय शेवटचा आकडा सांगता येत नाही. म्हणून अंदाज दोन घेतले, एक हाउसिंग वाचले तर, दुसरा नाही वाचले तर. पहिला अंदाज गाडीच्या किमतीच्या जरा आत बसत होता, दुसरा तिच्या दुपटीकडे जात होता. तिसरी वाट जपानहून आलेले वापरलेले इंजिन टाकण्याची. ते स्वस्त पडते, पण त्याचे सहा आकडे कोणी देत नसेल तर एक अज्ञात देऊन दुसरे अज्ञात घेण्यासारखे आहे.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच होता: हे सील तुटले कशाने? त्याचे उत्तर न शोधता नवे सील घातले तर तेही त्याच वाटेने जाणार. रोटरी इंजिन स्वतःच्या सीलना वंगण म्हणून थोडे तेल मुद्दाम जाळते. तेल कमी होणे हा त्याचा दोष नाही, स्वभाव आहे, आणि दर एक-दोन वेळा पेट्रोल भरताना तेल पाहावे लागते. मुलाने चार महिन्यांत किती वेळा पाहिले होते? एकदाही नाही. आधीच्या मालकाने पाहिले होते की नाही, कोणाला माहीत. बंद पडत चाललेल्या कॉइल किती महिने तशाच होत्या, तेही माहीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचा रोजचा प्रवास सहा किलोमीटरचा. इंजिन पुरते गरम होते न होते तोच बंद. या इंजिनाला तेच मानवत नाही. त्याला लांब पल्ला आणि अधूनमधून जोरात पळणे हवे. एखाद्या शर्यतीच्या घोड्याला दळणाच्या पिशव्या आणायला लावले, तसे झाले होते.

"मग हे इंजिन नवे करून तू रोज काय करणार?" मी विचारले. "तेच सहा किलोमीटर," तो म्हणाला, आणि त्या उत्तराबरोबर निर्णय झाला. ज्याला रविवारी लांब फिरायला न्यायची आहे, ज्याला स्वतः इंजिन खोलता येते, त्याच्यासाठी ही गाडी बांधून काढणे शहाणपणाचे आहे, आणि तसे करणारे अनेक लोक आहेत. याच्यासाठी नव्हते.

गाडी विकताना एक प्रसंग आला. गरम असतानाही ती आता झटकन चालू होत होती. चाचणीचा कागद दाखवला नसता तर एखाद्या अनोळखी माणसाने चांगली किंमत दिली असती. मुलाने फोनवर हे मला नुसते सांगितले, विचारले नाही, आणि मीही काही बोलले नाही. त्याने कागद गाडीच्या काचेवर आतून चिकटवला, सहाही आकडे दिसतील असा. तीन आठवडे कोणी फिरकले नाही. मग रोटरीचा एक शौकीन आला, कागद वाचला, आणि खरेदीच्या साधारण एक तृतीयांश किमतीला गाडी ओढून घेऊन गेला. वडिलांची मुदतठेव आहे तशी आहे. मुलाला नुकसान झाले, ते त्याने स्वतःच्या पगारातून सोसले. सध्या तो बसने जातो.

गेल्या महिन्यात त्या नव्या मालकाने इंजिन खोलले आणि मुलाला फोटो पाठवले. मागच्या रोटरच्या एका एपेक्स सीलचा टोकाकडचा, नखाएवढा तुकडा उडालेला स्पष्ट दिसतो. हाउसिंगच्या भिंतीवर एक बारीक ओरखडा आहे. ते हाउसिंग वापरायचे की बदलायचे, हे त्याने अजून ठरवलेले नाही.

तो फोटो मोठा करून आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत फलकावर लावला आहे. रोटरच्या तीन बाजूंवर मी खडूच्या रंगात क, ख, ग अशी अक्षरे लिहिली आहेत. ७.३ ही कोणत्या बाजूची, ते नववीच्या मुलांनी शनिवारपर्यंत कारणासह लिहून माझ्या टेबलावर ठेवावे. पालकांपैकी कोणाला लिहायचे असेल तर त्यांचेही उत्तर चालेल.